चौथ्या मजल्याची ऊब

आमचे मामा तळघरातल्या इंजिनाशी बोलतात, आणि तेही अहो-जाहो करून. मामीला मात्र जन्मभर 'अगं, ऐकलंस का'!

इंजिन गॅसवर चालतं. इमारतीला वीज देतं, आणि जी धग एरवी धुराड्यातून फुकट गेली असती, तिच्यावर पाणी तापवून पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरवतं. एकाच जळणात दोन कामं. बाहेरची वीज महागली तेव्हा आमच्या रस्त्यावरची दुकानं एकेक करून बसली. आमची इमारत तगली ती या इंजिनामुळेच. माझी लाँड्रीही त्याच गरम पाण्यावर चालते, म्हणून मी मामांना फार बोलत नाही. थोडंच बोलते.

पण पुढे इमारतीतल्या कचेऱ्याही रिकाम्या होत गेल्या. ऊब घ्यायला कोणी नसलं, की पाणी गरमच परत येतं आणि इंजिन तापून बंद पडतं. म्हणून मामा रिकाम्या मजल्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे. परतीच्या पाइपांवर हात ठेवून कुठे किती ऊब खपली ते बघायची त्यांना सवयच होती; पाइप जितका गार, तितकी ऊब खपलेली.

"चौथ्याचा पाइप बघ, केवढा गार! कोणीतरी बसलंय वर," एक दिवस ते म्हणाले.

चौथ्यावर मामीचं शिवणकामाचं दुकान होतं. मामीला जाऊन वर्ष उलटलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला, मग रागही. मी तरातरा वर गेले. मशीन झाकलेलं, खोलीत चिटपाखरू नाही आणि खिडकी सताड उघडी. सगळी ऊब बाहेर चाललेली! खाली येऊन मी त्यांना फैलावर घेतलं.

"मीच उघडतो, रोज सकाळी. तिला मोकळी हवा लागायची," मामा शांतपणे म्हणाले. "पण संध्याकाळी बंद कोण करतं, ते मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली.

शेवटी इमारतीचे मॅनेजर आले. "रिकाम्या खोल्या तापवणं परवडत नाही, मामा. इंजिन आजच बंद करा."

"चौथ्यावर एक जण आहे," मामा एवढंच बोलले. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मामांनी स्वतःच्या हाताने इंजिन थांबवलं. चौथ्याचा पाइप पुरता थंडगार होईपर्यंत ते त्यावर हात ठेवून उभे होते. मग जिन्याकडे वळले.

"कुठे निघालात?"

"तिला सांगून येतो. शाल घेऊन बस म्हणतो."