माझे साडू आणि चुकीचे पर्याय

बरोबर उत्तरावर प्रेम करणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील, पण चुकीच्या उत्तरावर जीव ओवाळून टाकणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार कुरुंदा, तालुका वसमत. उभी हयात त्यांनी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर आता हळदीची शेती बघत आरामात राहतील असं सगळ्या सोयऱ्यांना वाटलं होतं. हळद ते लावतात, नाही असं नाही. पण त्यांचं खरं पीक वेगळं. अकरावी-बारावी करून नीट आणि सीईटीला बसणाऱ्या पोरांसाठी ते सरावाचे प्रश्न काढतात, आणि दर रविवारी आसपासच्या गावांतली पोरं त्यांच्या हळदीच्या शेडमध्ये तळवटावर बसून ते सोडवतात. प्रश्न काढणारी माणसं काही कमी नाहीत. पण माझ्या साडूंसारखा प्रश्न दुसरा कोणी काढत असेल तर मला दाखवावा, मी हिंगोलीतलं माझं औषधाचं दुकान बंद करून त्याला बघायला जाईन.

प्रश्नाला चार पर्याय असतात, एक बरोबर आणि तीन चुकीचे, एवढं आपल्यालाही माहीत असतं. सर्वसाधारण मास्तर बरोबर उत्तर लिहितो आणि मग सुचतील ते तीन आकडे खाली ठोकून मोकळा होतो. साडूंच्या लेखी हा गुन्हा आहे. असल्या पर्यायाला ते ‘खोटी चूक’ म्हणतात, आणि हे शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा दुधात पाणी सापडल्यासारखा होतो. त्यांचं म्हणणं असं की चुकीचा पर्याय मनानं रचायचा नसतो, तो कुठल्यातरी लेकरानं खरोखर चुकून कमवावा लागतो. तीन खऱ्या चुका हाती आल्याशिवाय ते प्रश्न पुरा करत नाहीत. एखादा प्रश्न दोन चुकांवर येऊन अडला की मग हा गृहस्थ तिसऱ्या चुकीच्या शोधात वसमतच्या स्टँडावर जाऊन बसतो. पाठीवर दप्तर दिसलं की ‘बाळा, एक इचारू का’ म्हणून सुरुवात. पोरगं चुकलं की यांचा चेहरा असा उजळतो, की आपण केंद्रात पहिलं आलो अशी त्या पोराची समजूत होते.

त्यांचे प्रश्नही कुरुंद्याच्या शिवाराबाहेर फारसे जात नाहीत. पुस्तकात लिफ्टमध्ये उभा असलेला एक माणूस असतो, लिफ्ट वेगानं वर जाऊ लागली की त्याचं वजन वाढल्यासारखं का वाटतं, असं विचारतात. साडूंनी त्या माणसाला लिफ्टमधून बाहेर काढलं आणि विहीर खोदायच्या यारीच्या डोलात उभं केलं. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणारी क्रेन, ती आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. यारी वेग घेत वर येते आहे, डोलातल्या गड्याला आपलं वजन कसं वाटेल? तर तांड्यावरून येणारी एक मुलगी, जिचे वडील विहिरींच्या कामावर जातात, तिनं ठणकावून सांगितलं की हलकं वाटेल. का? ‘दिवसभर खाली राबला सर त्यो. आता घरी चाललाय. हलकंच वाटंल ना.’ साडूंनी तिथल्या तिथं शिकवणं थांबवलं आणि आतून गूळ-शेंगदाणे मागवले. तोच त्यांचा रिवाज आहे. ज्या लेकराची चूक पर्यायात बसायच्या लायकीची निघते, त्याला सगळ्यांसमोर गूळ-शेंगदाणे मिळतात आणि तो पर्याय पुढे त्याच्या नावानं ओळखला जातो. बरोबर उत्तराला मात्र नुसतं ‘बरं’.

पण त्यांच्या सगळ्या संग्रहातली लाडकी चूक बैलाची. प्रश्न साधा होता: एक बैल पाचशे न्यूटन बल लावून गाडी वीस मीटर ओढतो, तर कार्य किती? उत्तर दहा हजार ज्यूल. तपासायला बसले तर अर्ध्या शेडनं वीस हजार लिहिलेलं. एकमेकांचं बघितलं म्हणावं तर पोरं चार कोपऱ्यांत बसलेली. शेवटी एकाला उभं केलं, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, गाडीला एकच बैल कोण जुंपतंय? दुसऱ्यानंबी ओढलं असंल ना.’ साडू सांगतात की त्या क्षणी आपण इतकी वर्षं काय शिकवलं आणि कोणाला शिकवलं, हे त्यांना एकदम समजलं. तो प्रश्न ते आजही दरवर्षी घालतात आणि वीस हजारांची वाट बघत बसतात. हल्ली गावात ट्रॅक्टर वाढले, तसे दहा हजार म्हणणारे वाढत चाललेत, याची त्यांना मनापासून खंत आहे.

बरोबर उत्तर आलं की हा माणूस हिरमुसतो, आणि त्यापायी एकदा आमच्या घरातली सोयरीक मोडता मोडता राहिली. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला हे आले होते. मुलगा इंजिनियर, दिसायला-बोलायला नेटका. मंडळी जेवून पान खात बसली असताना साडूंनी नवऱ्या मुलाला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, की लग्नात मागच्या रांगेतल्या माणसानं अक्षता टाकल्या तर त्या जास्तीत जास्त लांब जायला हात किती अंशात वर पाहिजे. मुलगा हसून म्हणाला, पंचेचाळीस. साडूंचा चेहरा पडला. ‘व्हय, बराबर हाय,’ असं पुटपुटून ते उठले आणि मांडवाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मुलाकडच्यांनी ते पाहिलं. मुलीच्या थोर पाव्हण्यांना पोरगा पसंत नाही, काहीतरी कानावर आलंय त्यांच्या, अशी कुजबुज सुरू झाली ती मुलाच्या आत्याबाईंपर्यंत गेली. मला हात जोडून सांगत फिरावं लागलं की पोरगा बरोबर बोलला, एवढंच त्यांचं दुःख आहे. यावर कोणाचा विश्वास बसणार? शेवटी साडूंनीच परत येऊन मुलाला दुसरा प्रश्न घातला, तो बिचारा सपशेल चुकला, साडूंनी त्याला मिठी मारली आणि सोयरीक पक्की झाली.

आता मोबाइलवर असले हजारो प्रश्न फुकटात येतात. पोरांनी ते दाखवले तर साडू नाकावरचा चष्मा सरकवून शांतपणे बघतात. ‘चुकलं की लाल होतंय,’ ते मला एकदा म्हणाले, ‘पण काहून चुकलास, हे इचारतच न्हाई.’ याहून वाईट शिवी त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांना हसणाऱ्यांतलाच होतो. मग आमच्या मुक्ताचं प्रकरण झालं.

मुक्ता माझी मुलगी. लहानपणापासून डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, आणि ते आमच्यापैकी कोणी तिच्या डोक्यात भरवलेलं नव्हतं. बारावीनंतर तिनं नीट दिली आणि मार्क फार कमी आले. अभ्यास नव्हता असं मी म्हणणार नाही, मी तिला बघत होतो. झालं असं होतं की नीटमध्ये उत्तर चुकलं तर मार्क कापतात, आणि या पोरीनं चुकायच्या धास्तीनं निम्म्याहून अधिक प्रश्न कोरे सोडले होते. येणारेसुद्धा सोडले. वर्षभर शहरातल्या शिकवणीत चुकणाऱ्यांची नावं फळ्यावर लागायची, त्याचा हा परिणाम असावा. निकालानंतर ती घरात बोलेनाशीच झाली. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं तरी ‘माहीत नाही’ म्हणायची. पुन्हा एकदा बसेन, ती म्हणाली, पण ही शेवटची. या खेपेला झालं नाही तर विषय सोडून देईन. ती जे बोलते ते करते, त्यामुळे आमच्या घरातली झोप उडाली. आणि परीक्षा तीन महिन्यांवर आली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, मला न विचारता, तिला कुरुंद्याला बहिणीकडे नेऊन सोडलं.

तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. शेडच्या एका अंगाला वाफेवर हळद शिजते आहे, दुसऱ्या अंगाला पोरं प्रश्न सोडवताहेत, आणि त्यांत आमची मुक्ता कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेली. साडूंना आयुष्यात पहिल्यांदा असं लेकरू भेटलं होतं, जे चुकतच नव्हतं. त्यांनी सोपं विचारून बघितलं, अवघड विचारून बघितलं, मुद्दाम गोंधळात पाडून बघितलं. ‘माहीत न्हाई काका.’ मेहुणीबाई सांगत होत्या की त्या दिवसांत त्यांचं जेवण कमी झालं होतं आणि ते हळदीच्या मजुरांवर विनाकारण ओरडत होते.

मग एका रविवारी त्यांनी एक अजब पेपर काढला. पोरांना वाटून झाल्यावर सांगितलं, की यातल्या एकाही प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं नाही. चारच्या चार पर्याय चुकीचे, आणि चारही खऱ्या लेकरांचे. बरोबर काय ते कोणी शोधायचंच नाही. ज्यानं-त्यानं फक्त आपली वाटेल ती चूक निवडायची. पोरं हसली, पण लागली कामाला. मुक्ता बराच वेळ कागद वाचत राहिली. किरणोत्सारी पदार्थाचा एक प्रश्न होता: त्यातला अर्धा आठ दिवसांत संपतो, तर सोळा दिवसांनी किती उरेल? पाव उरतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण पाव पर्यायात नव्हता. ती उठून साडूंपाशी आली आणि हळूच म्हणाली,

‘काका, माझी चूक यात न्हाईच.’

साडूंनी पेन तिच्या हातात दिला. तिनं खाली पाचवा पर्याय लिहिला: काहीच उरणार नाही. अकरावीत तिला तसं वाटलं होतं, कारण दुकानात ती बघायची, की गोळ्यांची अर्धी पट्टी आठ दिवसांत संपली तर उरलेली अर्धी पुढच्या आठ दिवसांत संपते आणि गिऱ्हाईक परत येतं. शिकवणीत तिनं हे बोलून दाखवलं आणि वर्ग पोट धरून हसला. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हे सगळं तिनं त्या दिवशी शेडमध्ये सर्वांसमोर सांगितलं, आणि साडू ऐकताना पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, ‘काय चूक हाय लेकरा. औषधवाल्याच्या लेकीशिवाय कोणाला जमायची न्हाई.’ गूळ-शेंगदाणे आले. पुढच्या रविवारी तो पर्याय मुक्ताच्या नावानं पेपरात गेला, आदल्या रविवारी न आलेली कितीतरी पोरं त्याच्यावर फसली, आणि ती त्यांना तुम्ही का फसलात ते समजावत बसली. त्यानंतर तिच्या पुढ्यातला कागद कोरा राहिला नाही. धडाधड चुकायला लागली पोरगी, आणि जसजशी चुकत गेली तसतशी सुधारत गेली.

परीक्षा झाली. उत्तरसूची आली त्या सकाळी मुक्तानं आपली उत्तरं ताडून पाहिली आणि आम्हाला काही सांगायच्या आधी कुरुंद्याला फोन लावला. साडूंनी मार्क विचारलेच नाहीत. काय चुकलं, एवढंच विचारलं. मग एका भिंगाच्या प्रश्नावरून दोघांचा असा वाद पेटला की आम्ही नवरा-बायको दारात उभे राहून हातवारे करतोय, पास का नापास एवढं तरी सांग म्हणतोय, आणि ही आमच्याकडे पाठ करून काकांना भिंग समजावून सांगते आहे. शेवटी ती मोठ्यानं हसली. ते हसू ऐकून आमच्या सौभाग्यवती रडायला लागल्या. जे खरंच येत नव्हते तेवढेच प्रश्न मुक्तानं सोडले होते. पुढे तिला सरकारी कॉलेज मिळालं, इथून पुष्कळ लांब, पण मिळालं.

मागे एका रविवारी मी आभार मानायला म्हणून मुद्दाम कुरुंद्याला गेलो. असल्या माणसाचे आभार मानणं अवघड असतं. मी काहीतरी बोललो आणि ते शेडकडे बघत राहिले. पोरं आता पूर्वीएवढी येत नाहीत. मग ते म्हणाले, ‘उद्या डॉक्टर झाल्यावर तिला चुकता यायचं न्हाई भाऊ. म्हणून मी लेकरायला म्हणतो, काय चुकायचं ते इथंच चुकून घ्या.’ आणि चष्मा पुसत त्यांनी विचारलं, ‘तिकडं तिच्या चुकीला कोणी हसत तं नसंल?’

नसेल, मी म्हणालो. पण मला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे त्यांना कळलं. वसमतला येऊन मी हिंगोलीची बस धरली, खिडकीशी बसलो आणि मुक्ताला फोन लावला. एरवी मी जेवलीस का आणि अभ्यास झाला का, हे दोनच प्रश्न विचारतो. त्या दिवशी विचारलं, आज काय चुकलं? मग ती बोलायला लागली, आणि बस हिंगोलीच्या स्टँडात शिरली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.