गाळातली ओळ

कुठेही जुना दगड दिसला की सर आधी चप्पल काढायचे. मग त्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. आम्ही मागे चुळबुळ करू लागलो की म्हणायचे, "थांबा बे. दगडाले घाई नसते."

असे एखादे सर तुम्हीही पाहिले असतील. आमचे सर तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत. मी डोणगावकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. बारावीनंतर बाबांनी मला वांग्याच्या वाफ्यात उभे केले, तेव्हा सर मोटारसायकल घेऊन थेट शेतात आले.

"इतिहास शिकून काय करीन हो हा? मेलेल्याईची नावं पाठ करीन?" बाबांनी विचारले.

"हाव. जित्याईची तं सारेच करतात," सर म्हणाले.

बाबा हसले. त्यांनी सरांना पिशवीभर वांगी दिली आणि सोबत मलाही देऊन टाकले. आमच्या घरात पदवी आली ती त्या दुपारी.

कॉलेजजवळच्या एका गावाबाहेर बारव होती, खाली पायऱ्या उतरत जाणारी जुनी विहीर. आतल्या भिंतीत लेख कोरलेला दगड होता. वरच्या ओळी सरांनी वाचल्या होत्या. कुणीतरी वाटसरूंसाठी आणि गुरांसाठी हे पाणी केले, एवढे त्यातून कळत होते. कुणी केले, ते शेवटच्या ओळीत असणार. आणि ती ओळ गाळात होती.

दर उन्हाळ्यात आम्ही घमेली घेऊन खाली उतरायचो. वरून बाया विचारायच्या, "सर, सापडलं का सोनं?"

"नाही हो बाई. नाव सापडाचं आहे."

पावसाळ्यात गाळ पुन्हा भरायचा. मशीन लावल्याशिवाय तो निघणार नव्हता, आणि त्यासाठी सर कचेऱ्यांतून अर्ज घेऊन फिरत. एक पुढारी त्यांना म्हणाला, "सर, बारव मत देते का? तुम्हीच निवडून या अन् काढा तुमचा गाळ."

त्याने थट्टा केली होती. सर खरोखर जिल्हा परिषदेला उभे राहिले.

पहिली सभा त्या बारवेच्याच गावात झाली. एक म्हातारा उठला. "सर, मोहिमेवर जाताना राजे आपल्या बारवेवर पाणी प्याले ना? आमचे आजे सांगत."

"तसा पुरावा नाही, बुवा."

मागून कुणीतरी ओरडले, "मंग तुमाले मतही नाही, बुवा!" सगळे हसले. सरही हसले. सपाटून पडले.

पुढच्या खेपेला त्यांना एका पक्षाने तिकीट दिले. पुन्हा तेच गाव, तोच म्हातारा, तोच प्रश्न. सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "प्याले."

टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "निवडून आलो तं ओळ वाचता येईन."

निवडून आले. गुलाल अंगावरून उतरायच्या आत गावातल्या तरुणांनी ठरवले, राजे जिथे पाणी प्याले तिथेच स्मारक पाहिजे. बारव मुरमाने बुजवायची, वर स्लॅब, स्लॅबवर चबुतरा.

ग्रामसभेत सर उभे राहिले. "अरे, बाजूले बांधा. खाली लेख आहे. एक ओळ राह्यली आहे वाचाची."

"सर, तुम्हीच काऊन आडवे येऊन राह्यले?" एक पोरगा म्हणाला. "प्याले म्हणून तुम्हीच सांगतलं ना?"

"सांगतलं. खोटं सांगतलं."

मग तो म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि त्याने हात जोडले. "असं नका म्हणू, सर. आमच्या आज्याले सारे खोटा म्हणत. तुमच्या तोंडून ऐकलं तवापासून मले झोप गोड लागते."

सर खाली बसले. ठराव एकमताने झाला.

गाळ काढायला जे मशीन कधी मिळाले नाही, ते मुरूम ढकलायला आले. त्यानंतर सर ना निवडणुकीला उभे राहिले, ना कुठल्या दगडापाशी थांबले.

गेल्या वर्षी ते वारले. त्याच्या आधी एकदा, एप्रिलात, "चाल, जाऊन येऊ," म्हणाले, म्हणून मी त्यांना गाडीवर तिथे नेले. चबुतऱ्यावर काळा ग्रॅनाइट बसवला आहे. राजे येथे पाणी प्याले, असे त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे. त्याखाली, पुरावा म्हणून, सरांचे नाव आणि 'इतिहासतज्ज्ञ'.

त्यांनी चप्पल काढली. ग्रॅनाइटवर तळहात टेकवला, डोळे मिटले.

"पाह्य," ते म्हणाले, "शेवटच्या ओळीत नाव निंघालं."

भर दुपार होती. दगड तव्यासारखा तापलेला.

"सर, हात भाजन," मी म्हणालो.

त्यांनी हात उचलला नाही.