नानांची रुजुवात

पोरांनो, नकलेवर तुमच्या नानांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. त्यांची सारी नोकरी कचेरीच्या नक्कल विभागात झाली. तिथे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं, आणि शब्द न् शब्द जुळला की मगच सही. याला ते रुजुवात म्हणत. नवं राज्य झालं आणि भोपाळहून कागदांच्या थप्प्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या घरी जणू सणच आला. पुढे नोकरी संपली, रुजुवात संपली नाही. तुमच्या आईच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तर मला, मुलाच्या आईला, त्यांनी बूढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी बैठकीत बसवून ती पहिल्यापासून वाचायला लावली. मी संपवली तेव्हा म्हणाले, "विहीणबाई, दोन स्वल्पविराम गाळले तुम्ही."

तुमच्या नानी गेल्या, त्यानंतर वर्षभरात त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खटखट वाजू लागली. नानींनी स्वतः गायलेली भुलाबाईची गाणी तिच्यावर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. मी नवी डिस्क नेली, गाणी उतरवून घेतली, लावून पाहिली. छान वाजली.

"वाजते म्हंजे जुळते असं नाही," नाना म्हणाले. "रुजुवात?"

आता गाण्याची रुजुवात कशी करायची? पण तीही सोय असते, हे मी वाचून काढलं. कॉम्प्युटर पूर्ण फाइल तपासतो आणि तिची खूण म्हणून अंकांची आणि इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक ओळ देतो. मूळ आणि नक्कल, दोन्हींची ओळ सारखी आली की नक्कल खरी. ओळी सारख्या आहेत की नाहीत, हेही तोच सांगतो. नानांना हे मुळीच पटलं नाही.

"ज्यानं नक्कल केली त्यानंच तपासायची? काहून?"

मग मी मूळ ओळ वाचायची, त्यांनी नकलेच्या ओळीवर बोट ठेवायचं. "सात, एफ, तीन, बी..." शेजारीण डोकावून गेली, तिला वाटलं, आम्ही तंबोला खेळतोय.

एक सोडून सगळी गाणी जुळली. ते एक मी पुन्हा उतरवलं, पुन्हा जुळेना. खटखट वाढत होती.

"व्याहीबुवा, डिस्क आता कधीही बसेल. मी पूर्ण ऐकलं, गाणं चांगलं आहे. पुरे करा."

"चुकीच्या नकलेवर मी आजवर सही केली नाही, अन् आता तिच्या गाण्यावर करू?" म्हणत ते उठले, स्कूटर काढली आणि बाजारातून डिस्कला लावायची नवी तार घेऊन आले. "तारेचाच घोळ असंन. लावा."

लावली. उतरवलं. मी वाचू लागले, त्यांचं बोट सरकू लागलं. एकेक अक्षर जुळत शेवटपर्यंत गेलं. ती जुनी डिस्क त्यानंतर कधी फिरलीच नाही.

मी गाणं लावलं. आधीच्या नकलेत दोन कडव्यांच्या मधे जराशी शांतता होती. नानी दम घेत असतील, असं मी धरून चालले होते. आता तिथे त्यांचा आवाज आला, "अहो, ऐकून राहिले ना?"

नानांचं बोट अजून शेवटच्या अक्षरावरच होतं. पडद्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "हव."