रुपराव मास्तरांच्या कच्च्या रेषा

आमच्या शाळेत रुपराव मास्तर चित्रकला शिकवायचे. म्हणजे संमेलनाचे पडदे रंगवायचे आणि गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळायचे. मी गणिताचा, म्हणून मला उगाच मान होता.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या संकल्पचित्रात मात्र त्यांचा हातखंडा. एक चौकोन, आत वर्तुळ, चार कोपऱ्यांत चार पानं आणि शेवटी सगळ्या कच्च्या रेषा खोडायच्या. एक जरी दिसली तरी मार्क गेला. वीस वर्षांत या एकाच चौकोनातून त्यांनी नागपूरची शेकडो पोरं पास केली. त्यातला एकही चित्रकार झाला नाही, हे त्यांच्या शिस्तीचं यश.

पण मास्तरांची एक खाजगी वही होती. तीत बेलाच्या पानावर त्रिकोण चढलेला, सीताफळाच्या डोळ्यांतून षटकोन निघालेले, आणि रेषा अगदी मोकाट. चौऱ्याहत्तर साली मुंबईचे एक चित्रकार शाळेत आले होते. टेबलावर उघडं राहिलेलं एक पान त्यांनी पाहिलं आणि सीताबर्डीच्या प्रदर्शनासाठी अख्खी वही रविवारी घेऊन या म्हणाले. मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. पन्नाशीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना चित्रकार समजलं होतं, आणि आता सगळं त्या वहीवर होतं.

मग मास्तर काय घेऊन बसले? खोडरबर. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा पानोपानीच्या कच्च्या रेषा साफ झाल्या होत्या, पोस्टर कलर सपाट भरला होता आणि भोवती अर्ध्या इंचाची बॉर्डर चालली होती. त्यांच्या पत्नी सुमतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "काहून खोडून राहिले जी? बेलाचं पान झाडावर असंच तं वाकडं असते."

चित्रकलेतलं तुला काही कळत नाही, हे मास्तरांनी त्यांना समजावलं. मीही मान डोलावली. शिकलेल्यांची अक्कल नेमकी अशा वेळी चरायला जाते. मला आजही त्याची लाज वाटते.

रविवारी मुंबईच्या पाहुण्यांनी वही शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिली. मी शेजारीच उभा होतो.

"नीटनेटकं आहे," ते म्हणाले. "विद्यार्थ्यांकडून छान करून घेतलंत. आता तुमची वही दाखवा."

मास्तरांनी ती वही उचलून पिशवीत घातली.

"ते घरीच राहिली जी," म्हणाले.