दुकानाच्या बोर्डावरची वीस आकडी संख्या

पप्पा आणि काकांचं पाली गावात पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. जुना बोर्ड गंजला, तेव्हा नवा रंगवायला पेंटर आला. दोघा भावांचे मोबाइल नंबर टाकायचे होते, पण पत्रा अपुरा. म्हणून त्याने मध्ये जागा न सोडता दोन्ही नंबर खडूने सलग आखले. आधी पप्पांचा, मग काकांचा. वीस आकडी एक संख्या तयार झाली. फोन करणाऱ्याने कुठे थांबायचं ते त्याचं त्याने बघावं.

काकांनी गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर उचलला, काहीतरी केलं आणि दचकले.

"दादा, ह्याला तीननं पुरा भाग जातोय! तीन तिगाडा, काम बिगाडा. माझा नंबर आधी घे, मग न्हाई जात."

पप्पा हसले. "सरळ सांग की, तुला म्होरं यायचंय."

झालं. एका डब्यात जेवणारे दोघे भाऊ त्या दुपारपासून बोलेनात. काका आपली भाकरी घेऊन पाइपांच्या गठ्ठ्यावर, आमच्याकडे पाठ करून बसू लागले. पेंटर रोज यायचा, चहा प्यायचा आणि "ठरलं का?" विचारून जायचा.

मी सुट्टीत घरी आले होते, डबा पोचवणं माझ्याकडे होतं. गणितात एमएस्सी करते, पण दुकानात मी तोंड उघडत नाही. माझी इंग्रजी शाळेतली मराठी ऐकून गिऱ्हाइकं मला मॅडम म्हणतात आणि मी लाजून बिलबुकात बघते. समोर मोठी संख्या दिसली की तिला कशाकशाने भाग जातो ते बघत तिचे तुकडे पाडायची मला खोड आहे, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. तो बोर्ड मी पहिल्याच दिवशी फोडून बघितला होता. तीनने भाग जात होता, हे खरं. पण काकांच्या क्रमानेही जात होता! मग त्यांना उलटं उत्तर आलं कसं?

उत्तर गल्ल्यावरच होतं. तो कॅल्क्युलेटर बारा आकडी आहे. पुढचे आकडे तो घेतच नाही, आणि तसं सांगतही नाही.

एका दुपारी काकांनी अर्धी भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. मग मात्र मला बोलावंच लागलं.

"काका, सगळे आकडे मिळवून बघा ना. बेरजेला तीनने भाग गेला, तर संख्येलाही जातो. आणि बेरीज काय, कुणीही आधी आलं तरी तीच."

"का गं? उलटं केल्यावर बी?"

"आकडे तेच आहेत ना."

काकांनी बोटांवर बेरीज केली. मग उलट्या बाजूने केली. चेहरा उतरला.

"म्हंजे दोन्हीकडनं तीन! दादा, दुकान बसतंय बघ आता!"

त्यांचा आवाज खरंच कापत होता. पुढे यायची हौस असलेला माणूस असा घाबरत नाही. पप्पांनाही ते दिसलं असावं. ते माझ्याकडे वळले. "मग उपाय सांग की."

"आकडे जरा बारीक काढा आणि दोन्ही नंबरांच्या आधी एक्क्याण्णव लिहा. देशाचा कोड. बेरीज वीसने वाढते, मग तीनने भाग जात नाही."

"पालीत देशाचा कोड?" रोजच्या चहाला आलेला पेंटर म्हणाला. "मोटार काय दुबईला बसवायची हाय?"

"तू लिव्ह रं," काका म्हणाले. "आन् दादाचा आधी लिव्ह. थोरला हाय त्यो."

पप्पांनी डब्यातली वांग्याची भाजी काकांच्या ताटलीत वाढली आणि सतरंजीवर थोडं सरकले. काका येऊन बसले. "लई मीठ टाकलंय वहिनीनं," म्हणत त्यांनी ती अर्धी भाकरी उलगडली.

नव्या संख्येला सातने भाग जातो. मला कुणी विचारलं नाही.