आकाशातला पैरा

इस्लामपूरपासून आटपाडीपर्यंतच्या साऱ्या आकाशाचा सातबारा कुणाच्या नावावर असलाच, तर तो आमच्या व्याह्यांच्या नावावर आहे, आणि याविषयी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. माझ्या थोरल्या सुनेचे हे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कृष्णाकाठी ऊस करणारे, ताठ मानेचे गृहस्थ. त्यांच्याविषयी त्यांच्या गावात तीन कथा सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. माझे आयुष्य साताऱ्यात मुलांच्या वह्या तपासण्यात गेले. चुकीच्या उत्तराखाली रेघ ओढल्यावाचून मला स्वस्थ बसवत नाही.

पहिली कथा अशी, की धाकटी लेक विमानात नोकरीला लागली आणि त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. साफ खोटे. परिणाम ती जन्मण्याच्या आधीपासूनचा आहे. बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर टपाल टाकून जाणाऱ्या विमानाची आठ-आठ दिवस वाट पाहताना त्यांना आभाळाकडे बघण्याची जी सवय जडली, ती गावी परतल्यावरही सुटली नाही. लेक नोकरीला लागल्यावर त्या सवयीला फक्त कारण मिळाले. थंडीच्या दिवसांत उसाला पांढरे तुरे येतात, नदीवरचे धुके उन्हात विरत असते, आणि अशा वेळी वर कुठेतरी ती बारीक रुपेरी रेघ उमटली, की व्याही बांधावर उभे राहून डोक्याचा टॉवेल सोडत आणि रेघ पुसली जाईपर्यंत हलवीत राहत. मी एकदा म्हणालो, "अहो, हे विमान तिच्या कंपनीचे कशावरून?" तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आवं पाव्हणं, कुनाची तरी लेक आसंलच की त्यात."

मुलाखतीच्या आधी लेकीने अंगणात महिनाभर सराव केला होता: दोन्ही हात पसरून दारे दाखवायची, पट्टा लावून दाखवायचा, हसतमुख राहायचे. नोकरी तिला लागली. सराव यांच्या अंगात मुरला. कुणी वाटसरूने आटपाडीचा रस्ता विचारला, तर हे बोटे जुळवून दोन्ही हात असे संथपणे लांबवीत, की तो बिचारा दोन्ही दिशांना पाहून आभार मानीत आणि तिसरीकडेच निघून जाई. ट्रॅक्टरवर मागे बसणाऱ्या बायकांना ते निघण्यापूर्वी सूचना देत. त्या पदर तोंडाला लावून हसत. पण सूचना संपेपर्यंत एकही जागची हलत नसे.

आता दुसरी कथा. मुलीने परस्पर संप केला आणि बापाचे आयुष्यातले पहिले विमानाचे तिकीट बुडवले, असे पारावर सांगतात. सांगणाऱ्यांपैकी त्या सकाळी अंगणात कुणीही नव्हते. मी होतो.

त्याच्या आदल्या महिन्यात सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी व्याह्यांना स्पष्ट सांगितले होते, की डावा डोळा गेलाच आहे, उजवाही हळूहळू मावळत जाईल. जे पाहायचे ते लवकर पाहून घ्या. त्यांना एकच पाहायचे होते. आभाळात काम करणारी आपली लेक. तिने घाईने तिकिटे काढली, त्यांचे आणि सोबत म्हणून माझे, आणि त्या विमानावर स्वतःची पाळी मागून घेतली. मग तिच्या कंपनीतल्या मुलामुलींनी पगारासाठी संप पुकारला, तो नेमका आमच्या विमानाच्याच रविवारी.

त्या सकाळी तिचा फोन आला तेव्हा व्याह्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो कानापासून दूर धरला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले. "आप्पा, तुमी म्हणाला तर तेवढी एक फेरी करते मी. मैत्रिणी रागावतील, पण सांभाळून घेतील. तुमचा डोळा काय संप मिटायची वाट बघणार हाय का?"

संप हा शब्दच या गृहस्थांना वर्ज्य. एकदा कारखान्याच्या फाटकावर कामगार बसले होते, तर यांनी त्यांना भर उन्हात, "फौजंत संप न्हाई रं गड्या! हुभं ऱ्हायचं तर सावधान ऱ्हावा," असे सुनावले होते, आणि निम्मे खरोखरच सावधान उभे राहिले होते. तेव्हा हे काय सांगणार, याची मला खात्री होती. पण त्यांनी विचारले, "कशापायी करताय त्यो संप?"

"दार बंद झाल्यापास्नं उघडंपतोरचा पगार देत्यात, आप्पा. त्याच्या आधी माणसं बसवायची, बॅगा चढवायच्या, म्हाताऱ्यांना धरून न्यायचं, त्यातलं काय बी धरत न्हाईत. धुक्यात विमान चार तास अडकलं तरी आमी उभ्याच."

हे ऐकताच व्याह्यांना पैरा आठवला. त्यांच्या गावात अजून पैरा चालतो: आज मी तुझ्या रानात राबायचे, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही, फक्त दिवस फेडायचा.

"आगं, पैऱ्याचा मानूस उंबऱ्याच्या भाईर पडला की दिस धरत्यात," ते म्हणाले. "रानात गेल्यावर पाऊस लागला, काम झालं न्हाई, तरी बी धरत्यात. आन् तुमास्नी धरत न्हाईत? मग जाऊ नगंस."

"आप्पा, डोळा..."

"म्हटलं न्हवं, जाऊ नगंस! समद्या भाईर आन् तू एकली आत? मला न्हाई बघायची तसली."

फोन ठेवल्यावर ते उजव्या हाताच्या तळव्याकडे कितीतरी वेळ पाहत बसले. तळवा त्यांना कितपत दिसत होता, हे मी विचारले नाही.

संप लांबला. मिटला तेव्हा जमिनीवरच्या कामाचे तास धरायचे कंपनीने मान्य केले, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही पुण्याहून विमानात बसलो. तोवर उजवा डोळाही पुष्कळ मावळला होता. तिसरी कथा इथली: म्हणे हवालदारांना वरून काहीच दिसले नाही, प्रवास फुकट गेला. सांगणाऱ्याला मी पारावर सर्वांदेखत गप्प बसवले आहे. इथे पुन्हा सांगतो. खिडकीची जागा त्यांचीच होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः मधल्या वाटेच्या कडेला बसले. मी म्हणालो, "अहो, खाली तुमची कृष्णा येईल, इकडे या." तर मला म्हणाले, "गप बसा पाव्हणं. जमीन हुभा जन्म बघितलीया. ती यील आता हिकडनं."

ती आली. त्यांच्या नजरेला ती जांभळ्या गणवेशाचा एक पुसट ठिपका असेल. ठिपका जवळ आला, वाकला, आणि म्हणाला, "आप्पा, पट्टा लावा." ते म्हणाले, "व्हय, मॅडम." मग तो ठिपका पुढे गेला, कुणाला पाणी देऊन वळला, पुन्हा आला, पुन्हा गेला, आणि त्यांची मान शेताच्या पाटातले पाणी पाहत असावी तशी संथपणे त्याच्याबरोबर फिरत राहिली. बाहेर ढग होते की ऊन, सातारा केव्हा आला, सांगली केव्हा मागे पडली, हे मला विचारू नका. खिडकीशी मी बसलो होतो खरा; पण उतरेपर्यंत मीही त्या वाटेकडेच पाहत होतो.