लाल पुठ्ठ्याची वही

“वही कुठं आहे?” लॅपटॉपच्या पडद्यावरच्या गोऱ्या बाईनं तिसऱ्यांदा विचारलं. मुंबईहून आलेल्या वकिलानं ते मला मराठीत सांगितलं. सून खाली मान घालून बसली होती. तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. वही स्वयंपाकघरात होती आणि तिच्यात लसूण ठेवलेला होता.

सकाळी दहापासून आम्ही सुनेच्या कामाच्या खोलीत होतो. वकील आणि त्याच्यासोबतची एक मुलगी बेल वाजवून आत आले. मुलीनं सुनेचा लॅपटॉप आणि मोबाइल ताब्यात घेऊन त्यातलं सगळं उतरवून घ्यायला सुरुवात केली. मी चहा विचारायला गेले, तर वकील म्हणाला, “आजी, आता आत आलात तर इथंच बसा. काम होईपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही.” माझंच घर, आणि मला लघवीला जायचं तर ती मुलगी मोरीपर्यंत मागं येत होती.

सून युरोपातल्या एका कंपनीच्या कायद्याच्या कामावर आहे. वाळूजला त्यांचा कारखाना आहे, पण ती घरूनच काम करते. तिकडं कायदा असा आहे की एकच माल विकणाऱ्या कंपन्यांनी आपसात बसून भाव ठरवायचा नाही. ठरवला तर जबर दंड. मात्र जी कंपनी सगळ्यांच्या आधी जाऊन कबूल करेल, पुरावा देईल, तिला माफी. सुनेनं हे समजावलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या अजिंठ्याकडं कापूस घेणारे चार व्यापारी सकाळी एकाच हॉटेलात चहा प्यायचे आणि नंतर चौघांचा भाव एकच निघायचा. फक्त त्यांना कुणी दंड केला नाही.

सुनेच्या कंपनीच्या साहेबांनीही असाच चहा घेतला होता. कोण काय बोललं ते सून बैठकीत बसून वहीत लिहायची. आता कंपनीला आधी जाऊन कबूल करायचं होतं आणि तोच पुरावा. गोरी बाई कंपनीची तिकडची वकील, मुंबईचा वकील तिनंच पाठवलेला; चार दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं, कागदाचा कपटासुद्धा फेकायचा नाही, काही पुसायचं नाही. आणि नेमकी वही नाही. तिनंच साहेबांना वाचवायला ती नाहीशी केली, असा त्यांना संशय. तसं ठरलं तर नोकरी जाणार, वर खटला.

मी तिच्याकडं वाकून म्हटलं, “अगं, ती लाल पुठ्ठ्याची? टेबलाखाली पेपरांच्या ढिगात होती ती?”

तिचा चेहरा उतरला. “आई, काय केलंत?”

“लगदा.”

“देवा.” मग हळूच, “आई, माहीत नाही म्हणा. कुणाला खरं वाटणार नाही. मीच करायला लावलं म्हणतील.”

“का बरं? मी काय चोरी केली?”

“आजी, काय चाललंय?” वकील म्हणाला. “एकमेकींत बोलू नका.”

मी सांगून टाकलं. रद्दी भिजवून मी तिच्या टोपल्या करते. माझी आई करायची. वकिलानं गोऱ्या बाईला सांगितलं. तिनं टोपली कुठं आहे ते विचारलं. मग ती मागवली. मुलगी ती घेऊन आली, लसूण टेबलावर ओतला, पाकळ्या लॅपटॉपवर पडल्या.

“उलटी धरा,” मी म्हटलं. बुडाला वहीचा लाल पुठ्ठा मी चिकटवला होता, बूड भक्कम व्हावं म्हणून. त्यावर सुनेच्या अक्षरातली वहीच्या नावाची चिठ्ठी तशीच होती.

“ही कधी केलीत?” वकिलानं विचारलं.

“कधी म्हणजे? एका दिवसात होते व्हय? कागद आठ दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग कुटायचा. मेथी वाटून घालायची, त्यानं घट्ट धरतं. पातेल्यावर थापायचं, वाळू द्यायचं, वर दुसरा थर, तोही वाळवायचा. महिना जातो. तुमचं पत्र कधी आलं? चार दिवस झाले ना? चार दिवसांत नुसती ओली पेज होते. बोट लावून बघा, किती टणक आहे.”

वकिलानं खरंच बोट लावलं. टिचकी मारली. वासही घेतला. “मेथीच आहे,” तो पडद्याकडं बघून म्हणाला.

गोऱ्या बाईनं विचारलं, सुनेनं मला कागदांना हात लावू नका असं कधी सांगितलं होतं का?

“शंभरदा. मी ऐकत नाही.”

सुनेनं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं.

वकिलानं माझा जबाब मराठीत लिहिला. मी चौथी शिकले आहे, बोट ठेवून सगळा वाचला. त्यात ‘चुकून वही घेतली’ असं होतं. मी म्हटलं, “खोडा ते. चुकून नाय. चांगला जाड कागद दिसला म्हणून घेतली. पुरावा होता ते माहीत नव्हतं, एवढं लिहा.”

“आजी, चुकून लिहिलं तर तुमच्याच फायद्याचं आहे.”

“खोडा.”

खोडून त्यानं पुन्हा लिहिलं, मी सही केली. पडद्यापलीकडच्यांचं बोलणं त्यानंतर दोन तास चाललं. आम्ही नुसत्या बसून. भूक लागली तरी मुलीनं दिलेल्या बिस्किटांना सुनेनं हात लावला नाही. चार वाजता वकील म्हणाला, तिच्यावर ठपका नाही. टोपली त्यानं पिशवीत घालून सील केली आणि नेली.

नोकरी राहिली. कंपनीला माफी मिळाली की दंड, हे सून सांगत नाही, तिला सांगायची मुभा नाही. तिच्या खोलीला आता कुलूप असतं. प्रकरण मिटेपर्यंत घरातला कागद बाहेर जायचा नाही असं कंपनीनं बजावलंय, म्हणून रद्दीची खोकी माझ्या पलंगाखाली रचली आहेत. वर्ष उलटलं. खोकी वाढली, ती आता दारापर्यंत आली आहेत, मी तिरकी होऊन बाहेर पडते. टोपल्या बंद. कागद आहे, पण हात लावता येत नाही.

त्या खोलीत दहा ते चार वकील होता, ती मुलगी होती, पण एकमेकींच्या बाजूच्या आम्ही दोघीच होतो, सून आणि मी.